बियाणे उगवले नाही, तर वकील कोठून आणायचा?

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा माणूस. पेरणीची खोली, रोपांची संख्या यावर बोलायची सवय. आज थोडे कायद्याचे बोलतो.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. त्यानंतरच्या एका हंगामात एक भगिनी माझ्याकडे आल्या. दोन एकर सोयाबीन वाया गेलेले. मी विचारले, "पावती?" घेतलीच नव्हती. "पिशवी?" चुलीत गेली होती. त्यांचा प्रश्न एकच होता, "साहेब, कंपनीशी भांडायला वकिलाचे पैसे कोठून आणू?"

वकील त्यांना फुकट मिळत होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्यात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, तसेच पूर व दुष्काळाची झळ बसलेले यांनाही ती नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, सर्व शासनाकडे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. दूरध्वनी १५१०० वरही विचारता येते. अनेकांना वाटते ही सोय दिवाणी-फौजदारीपुरतीच. तसे नाही, तहसीलातील वाटेचा वाद किंवा ग्राहक आयोगातील तक्रार, दोन्हींना ती लागू आहे.

बियाण्याबाबत शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. बियाण्याला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची.

पण पुरावा वकील आणू शकत नाही. त्या भगिनींचे घोडे तिथेच अडले. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. ती कमी होती की पेरणी खोल पडली, हे पंचनाम्यातच ठरते. म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वापसा निघून जातो, दुबार पेरणीची घाई असते, हे मला कळते; तरी तक्रार आधी.

दुकानदार "पावतीशिवाय स्वस्त देतो" म्हणाला, तर ते बियाणे घेऊ नका. पिशवी खालच्या बाजूने उसवा, म्हणजे टॅग शाबूत राहील. मूठभर बियाणे, टॅग, पिशवी आणि पावती एकत्र बांधून काढणी होईपर्यंत जपून ठेवा, आणि घरात सर्वांना सांगून ठेवा की ती पिशवी चुलीत घालायची नाही.