लीला रावची रॅकेट आणि आपलं मैदान

(पाचोड येथे महिला मंडळं आणि किशोरी गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी मी तुम्हाला हात वर करायला सांगितलं. शाळेत असताना लंगडी, खो-खो, कबड्डी खेळलेल्या किती जणी? जवळजवळ सगळे हात वर गेले. मग विचारलं, पाळी सुरू झाल्यावरही खेळत राहिलेल्या किती? भराभर हात खाली आले. आणि लग्नानंतर किती जणी खेळल्या, असं विचारल्यावर तुम्ही सगळ्या हसलात. उत्तर कुणीच दिलं नाही. त्या हसण्यातच उत्तर आलं.

आज मला एका खेळाडू बाईची गोष्ट सांगायची आहे. ती टेनिस खेळायची. टेनिस म्हणजे मध्ये जाळी, दोन बाजूंना दोघी, हातात तारांची रॅकेट. सानिया मिर्झामुळे आपल्याकडे खेड्यातल्या पोरींनाही तो टीव्हीवर पाहून माहीत झाला. या खेळातली जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा लंडनमध्ये विम्बल्डनला होते. तिथे एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोण, असं विचारलं तर बहुतेक जण सानियाचं नाव घेतात. सानियाने तिथे पहिला विजय मिळवला तो २००५ साली. पण त्याच्या ७१ वर्षं आधी, १९३४ साली, मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी तिथे पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूला हरवून पुढे गेली होती. तिचं नाव लीला राव. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफने तिला हरवलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत हरली.

तुम्ही म्हणाल, एकच सामना जिंकला, त्याचं एवढं काय? त्या काळात मुंबईहून विलायतेला बोटीने जायचं म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. राज्य इंग्रजांचं. मुंबईत बॉम्बे जिमखान्याचं दार भारतीयांना बंद. आणि इकडे देशात अखिल भारतीय स्पर्धेत १९३१ ते १९४३ या काळात लीला रावने एकेरीचं विजेतेपद सात वेळा मिळवलं. बारा वर्षं अव्वल दर्जाचं खेळत राहणं ही साधी गोष्ट नाही. आपल्यातल्या किती जणींना कुठलीही एक आवडीची गोष्ट सलग बारा वर्षं करू दिली गेली, ते आठवून पाहा.

आता लीलाच्या आईबद्दल बोलते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तिच्या आईचं नाव क्षमाबाई राव, माहेरच्या पंडित. जन्म पुण्याचा, १८९० सालचा. वडील शंकर पांडुरंग पंडित, संस्कृतचे मोठे विद्वान. मुलगी तीन-चार वर्षांची असतानाच, १८९४ साली, ते गेले. क्षमाबाईंच्या जन्मानंतर वर्षभरात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं म्हणून तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं होतं, ते तुमच्यापैकी काहींनी शिबिरात वाचलं असेल. धर्म बुडाला म्हणून लोक सभा घेत होते. अशा गावात जन्मलेल्या आणि बाप नसलेल्या या मुलीचं लग्न तिच्या विसाव्या वर्षाच्या सुमाराला झालं. नवरा मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव. १९११ साली लीला झाली.

या क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत, स्पर्धांत उतरत. संस्कृतात काव्यं लिहीत. मिठाच्या सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. इंग्रजांच्या राज्यात ती छापणं कठीण, म्हणून १९३२ साली ती पॅरिसला छापली गेली. त्यांनी विधवांच्या, गरीब बायकांच्या दुःखाच्या कथाही संस्कृतात लिहिल्या. ज्या भाषेवर पुरुषांनी शतकानुशतकं मालकी सांगितली, त्या भाषेत बालविधवेचं दुःख लिहायचं हे धाडसच होतं.

म्हणजे लीलाने रॅकेट पहिल्यांदा पाहिली ती आईच्या हातात. ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ हे वाक्य तिच्या घरात कोण म्हणणार? जी म्हणायची, तीच खेळत होती. आपल्या घरात मुलीला पहिल्यांदा कोण अडवतं? बाप पुष्कळदा नंतर बोलतो. आधी आई म्हणते, बस झाला आता हुंदडपणा. मी आईला दोष देत नाही. तिलाही तिच्या आईने असंच थांबवलेलं असतं. लोक काय म्हणतील याचा हिशोब आईलाच द्यावा लागतो. मुलीबद्दल काही वेडंवाकडं बोललं गेलं तर मार आणि शिव्या आईच्या वाट्याला येतात. म्हणून ती आधीच कुंपण घालते.

त्या काळात रॅकेट हातात घेतलेल्या या दोघीच नव्हत्या. मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि जिंकायच्या. त्याच बाई बालविवाहाविरुद्ध सभांमधून बोलायच्या. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने चौदा ठरलं. त्यामागे ज्या बायकांनी आवाज उठवला त्यात मेहेरबाई होत्या. १९३१ साली त्या गेल्या. मला हे महत्त्वाचं वाटतं की जी बाई मैदानावर मोकळेपणाने धावली, तिलाच दुसऱ्या मुलीचं बांधलेपण खुपलं. खेळ आणि हक्क या दोन गोष्टी या बायकांनी वेगळ्या धरल्या नाहीत. आपण मात्र आपल्या चळवळीत खेळाला नेहमी शेवटी ठेवलं. आधी पाणी, रेशन, दारूबंदी, मारहाण. ते बरोबरच होतं. पण खेळ राहून गेला.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की बाई, ही मोठ्या घरातली गोष्ट आम्हाला कशाला? मुंबईच्या डॉक्टरची मुलगी. घरात नोकरचाकर. आजोबा पंडित. जात वरची. तिला पहाटे उठून हंडा उचलायचा नव्हता, धाकट्या भावाला सांभाळायचं नव्हतं, कापूस वेचायला जायचं नव्हतं. ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून तिची शाळा सुटली नाही. सगळं खरं आहे. त्याच काळात आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्यातही चपळ, ताकदीच्या, निशाणा न चुकणाऱ्या पोरी असणारच. त्यांची नावं कुठल्याही तक्त्यावर नाहीत.

म्हणूनच ही गोष्ट मी सांगते. लीला रावला काय काय मिळालं याची यादी करा. एक, घरात आधी खेळलेली बाई. दोन, अडवणारा बाप नाही. तीन, खेळायला जागा. चार, घरकामातून सुटलेला वेळ. पाच, पोटभर खाणं. सहा, लग्नाची घाई नाही. तिचं लग्न १९४३ साली झालं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तोवर ती सात वेळा देशात पहिली आली होती. या सहाच्या सहा गोष्टी तिला नशिबाने, म्हणजे वर्गाने आणि जातीने मिळाल्या. आपल्या मुलींना त्या नशिबाने मिळणार नाहीत. म्हणून त्या हक्क म्हणून मागायच्या. श्रीमंताच्या मुलीची सोय बघून नुसतं हळहळत बसायचं नाही, तीच आपली मागणीपत्रिका करायची.

लग्नाचं वर्ष आणि शेवटच्या विजेतेपदाचं वर्ष एकच, १९४३, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यावरून लग्नाने खेळ थांबवला असा थेट निष्कर्ष मी काढणार नाही. महायुद्ध चालू होतं, १९४० ते १९४५ विम्बल्डनही बंदच होतं. वयही तिशी ओलांडलेलं होतं. नवरा हरीश्वर दयाळ सरकारी नोकरीतला मोठा अधिकारी, पुढे नेपाळमध्ये भारताचा राजदूत झाला. १९६४ साली तो नेपाळमध्येच वारला. लीलाबाईंनी नृत्यशास्त्रावर पुस्तकं लिहिली. आईच्या कथांची संस्कृत नाटकं केली, त्यात ‘बालविधवा’ही आहे. आईने जे लिहिलं ते लेकीने रंगमंचावर येईल असं केलं. रॅकेट आईकडून आली तशी लेखणीही आईकडून आली. तरी आज बघा, तिचा उल्लेख होतो तेव्हा अमक्या पंडितांची नात, अमक्यांची मुलगी, अमक्यांची पत्नी. सात वेळा देशात पहिली आली, हे शेवटी कुठेतरी.

आणि लीलानंतर काय झालं? रस्ता उघडला होता, पण त्यावरून फार थोड्या जणी चालल्या. १९७१ साली मुंबईच्या निरुपमा मांकड आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनला मिश्र दुहेरीत खेळल्या. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकला. मग २००५ साली सानिया. एकेका नावामध्ये केवढी वर्षं गेली ते मोजा. बाहेर जगात त्याच काळात काय चाललं होतं? मेक्सिको हा काही श्रीमंत देश नव्हे. पण तिथल्या योला रामिरेझ आणि रोसी रेयेस या दोघींनी १९५८ साली फ्रान्सच्या स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद घेतलं. योला १९६० आणि १९६१, दोन्ही वर्षी एकेरीच्या अंतिम फेरीत पोचली. एकदा एक बाई पुढे गेली की दार आपोआप उघडं राहत नाही. दाराला पाय लावून धरणाऱ्या पुष्कळ जणी लागतात.

जिंकल्यावरही भांडण संपत नाही. बायकांना पुरुषांइतकी बक्षिसाची रक्कम अमेरिकेच्या स्पर्धेने १९७३ साली दिली, तीही बिली जीन किंग आणि तिच्या सोबतिणी भांडल्या म्हणून. विम्बल्डनला हे पटायला २००७ साल उजाडलं. निंदणीला बाईला कमी मजुरी आणि फवारणीला गड्याला जास्त, हे आपल्याला माहीत आहे. तिकडेही तेच होतं.

आता आपल्या घरी येऊ. लग्नाचं वय १९७८ सालापासून कायद्याने अठरा आहे. तरीही २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ बावीस टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शेजारच्या बीडमध्ये आणि परभणीत तर हा आकडा चाळीसच्या वर आहे. याच पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९८-९९च्या सुमाराला आसपासच्या गावांत किशोरी मुलींसाठी वर्षभराचे वर्ग घेतले. रोज संध्याकाळी एक तास. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. आणि त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे थोडं वाटतं. पण त्या एका वर्षात मुलगी दहावी पुरी करते. ते वर्ष कशातून आलं? घराबाहेर, मुलींनी मुलींबरोबर घालवलेल्या रोजच्या एका तासातून.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. टेनिसची रॅकेट महाग असते, कोर्ट बांधायला पैसे लागतात. खो-खोला दोन खांब लागतात, कबड्डीला चार रेघा. २०२५च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीला झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि त्यांची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. हा खेळ आपल्या अंगणातला आहे.

तर प्रत्येक महिला मंडळाने गावात जाऊन एवढं करायचं. शाळेचं मैदान संध्याकाळी एक तास फक्त मुलींसाठी, हा ठराव ग्रामसभेत मांडायचा आणि लिहून घ्यायचा. त्या तासाला मैदानाच्या कडेला मंडळाच्या दोघी-तिघी जणींनी बसायचं, म्हणजे टवाळखोर पोरं फिरकणार नाहीत. शाळेतल्या संडासाला पाणी आहे का ते बघायचं, कारण पाळीच्या दिवसांत मुलगी त्याच्यासाठीच घरी राहते. आणि त्या तासात मुलीच्या वाटणीचं पाणी भरण्याचं काम तिच्या भावाला सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड जाईल, मला माहीत आहे.

आणि एक. कडेला नुसतं बसू नका. पदर खोचा आणि एक डाव तुम्हीही खेळा. मघाशी लग्नानंतर म्हटल्यावर हसलात ना, त्यांनी तर आधी. लीलाने आईला खेळताना पाहिलं होतं. आपल्या पोरींनीही आपल्याला एकदा तरी धावताना पाहू दे.