गोळी एक, त्रास निरनिराळे
(कासुर्डी, ता. दौंड येथील आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. औषध लिहून देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु रक्तदाबाच्या किती गोळ्या वाटल्या हे आमच्या वहीत नोंदले जाते, आणि त्यांपैकी किती पोटात गेल्या हे नोंदले जात नाही, ही बाब आम्हांस अस्वस्थ करते. गोळी परस्पर बंद होण्यामागे पुष्कळदा औषधाचा त्रास असतो. आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या आढळल्या. विकाराचे प्रमाण जवळपास सारखे. औषधाचा त्रास मात्र सारखा नसतो.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना येणारी सूज आणि एनालाप्रिल, रामिप्रिल यांमुळे होणारा कोरडा खोकला स्त्रियांत अधिक आढळतो. भगिनी सूज शेतकामाच्या माथी मारतात, खोकला चुलीच्या धुराच्या. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील सोडियम उतरण्याचा धोका वयस्क स्त्रियांना विशेष. अशक्तपणा येतो, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात. पुरुषांत याच गोळ्यांनी संधिवाताचा गाऊट हा प्रकार बळावू शकतो, लैंगिक दुर्बलताही येऊ शकते. संकोचाने ते बोलत नाहीत, गोळी तेवढी सोडतात. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधे गर्भास घातक असल्याने गर्भधारणेचा विचार असलेल्या भगिनींनी डॉक्टरांस आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

वय वाढते तशी मूत्रपिंडाची क्षमता घटते, औषध शरीरात अधिक काळ राहते. रात्री लघवीस उठताना रक्तदाब एकाएकी उतरून तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून वृद्धांचा रक्तदाब बसून व उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजावा. मात्र ‘आता वय झाले, गोळी कशाला?’ हा समज चुकीचा आहे. ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्णांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात औषधोपचाराने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसून आले.

त्रासावर उपाय असतो. मात्रा घटविता येते, गोळी बदलता येते. खोकला देणाऱ्या औषधाऐवजी टेल्मिसार्टनसारखे औषध देता येते. परस्पर बंद केलेली गोळी मात्र पक्षाघातास वाट करून देते, आणि मग संपूर्ण घर अंथरुणाला खिळते.

शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्याचे काम उभारले. गावातीलच व्यक्तीने घरी जाऊन विचारपूस करावी, ही त्यांची दृष्टी आम्हांस मार्गदर्शक वाटते.

देणगीदारांस नम्र विनंती, की आपले दान केवळ गोळ्यांपुरते न राहता सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिनच्या तपासण्यांपर्यंत आणि गृहभेटींपर्यंत पोहोचावे. आप्तेष्टांनी ‘गोळी घेतली का?’ यासोबत ‘तिने काही त्रास होतो का?’ हेही विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास गोळी न थांबविता ती पाकिटासह डॉक्टरांकडे आणावी. चक्कर वा असंबद्ध बोलणे असल्यास त्याच दिवशी यावे.