निवाऱ्याचे नियम पावसाआधी करू या

(पूरग्रस्त गावांतील महिला मंडळांच्या कोल्हापूर येथील शिबिरात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण पुराविषयी बोलतोय. पाणी कुठवर आलं, कुणाची भिंत पडली, पंचनाम्यात काय लागलं आणि काय राहिलं. हे सगळं बोलायलाच हवं. मला मात्र मधल्या आठ-दहा दिवसांविषयी बोलायचं आहे. घर सुटलेलं असतं, परत जाता येत नाही, आणि आपण कुठल्या तरी शाळेत, मंगल कार्यालयात किंवा कारखान्याच्या गोडाऊनमध्ये राहतो. सरकारी कागदावर त्याला 'तात्पुरते निवारा केंद्र' म्हणतात. तिथे बाईने कसं राहायचं याचे नियम कोण ठरवतं? आजवरचं उत्तर असं आहे की, त्या दिवशी तिथे जो मोठ्याने बोलेल तो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे आकडे ४० आणि ४५. नदीचे नियम आपल्याला पाठ आहेत. निवाऱ्याचे मात्र एकही ठाऊक नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात मी अशा निवाऱ्यांमध्ये काम केलं. दोन्ही वेळा अधिकारी एकच तक्रार करत होते, 'बायका घर सोडायला तयार होत नाहीत, फार हट्टी आहेत.' आम्ही त्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, माझ्या दोन म्हशी कुठे बांधू? दुसरी म्हणाली, घरात वयात आलेली मुलगी आहे, तिथे कडी नसलेल्या खोलीत तिला कशी निजवू? तिसरीने नुसतं विचारलं, 'तिथं परसाकडला कुठं जायचं, ताई?' यात हट्ट कुठे आहे? या बायकांनी पुढचा विचार केलेला आहे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा कुणी नाही. मग पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत माणसं थांबतात आणि शेवटच्या घटकेला मिळेल त्या नावेत बसतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. निवाऱ्यात नीट राहता येईल असा भरवसा असेल, तर बाई एक दिवस आधी निघते, आणि ती निघाली की घर निघतं. म्हणून निवाऱ्याच्या नियमांचा प्रश्न हा जीव वाचवण्याचाच प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये छावणीतला निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने सुचवायचे आहेत, आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतुदीही. कलम १९ सांगतं की, राज्याचे निकष या किमान निकषांपेक्षा कमी असता कामा नयेत. म्हणजे यापेक्षा जास्त मागायला मोकळीक आहे, कमी द्यायला नाही. कलम ६१ सांगतं की, मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. आणि निवाऱ्यासाठी इमारती आधीच निवडून तिथे पाण्याची आणि स्वच्छतेची सोय करणं हे जिल्हा प्राधिकरणाचं काम म्हणून कायद्यातच लिहिलेलं आहे. पूर आल्यावर मुख्याध्यापकांच्या घरी किल्ली शोधत फिरायचं, असं कायद्यात कुठेही नाही.

किमान निकष २०१६ मध्ये आले. ते आपण आपल्या गावच्या शाळेला लावून पाहू. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, म्हणजे साधारण साडेसदतीस चौरस फूट. वीस बाय पंचवीसचा वर्ग पाचशे चौरस फुटांचा झाला. त्यात तेरा माणसं मावतात. आपल्याकडे एका वर्गात किती माणसं असतात, ते तुम्हीच आठवा. सात वर्गांच्या शाळेत नव्वद माणसं राहू शकतील. गावातून चारशे निघणार असतील, तर बाकीच्या तीनशेंची जागा आजच शोधायला हवी. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. तीस माणसांमागे एक संडास, तो छावणीपासून पन्नास मीटरच्या आत. बायका आणि मुलांसाठी संडास आणि न्हाणी वेगळी. आंघोळीला आणि संडासाला माणशी किमान पंधरा लिटर पाणी. उजेडाची सोय. सॅनिटरी नॅपकिन आणि ते टाकायला कागदी पिशव्या. लहान मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना दूध. हे सगळं लिहिलेलं आहे, मैत्रिणींनो. आपण कुणाकडे भीक मागत नाही.

पण कागदात न लिहिलेलंही पुष्कळ आहे, आणि ते आपल्यालाच लिहावं लागेल. संडास वेगळा आहे, पण वाट पुरुषांच्या झोपायच्या जागेवरून जाते, असं मी पाहिलं आहे. मग बायका संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. गरोदर बाईही तेच करते. कडी आतून आहे का, दिवा गेला तर बॅटरी कुणाकडे आहे, रात्री सोबत कोण जाणार, हे राज्यस्तरावरचा अधिकारी लिहू शकत नाही. ती शाळा आपण रोज पाहतो, आपण लिहू शकतो. स्वयंपाकाचंही तसंच. तीनशे माणसांच्या भाकऱ्या कोण थापतं? निवाऱ्यात आलेल्या बायकाच थापतात, बिनमोल, आणि वाढपाचा फोटो दुसऱ्यांचा निघतो. चुलीपाशी कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाची पंगत वेगळी, असा जुना रोग पुरातही डोकं वर काढतो. तिथे कलम ६१ तोंडपाठ पाहिजे. आणि दारू प्यालेला नवरा निवाऱ्यात आला म्हणून सुधारत नाही. २००५ चाच कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा निवाऱ्यातही लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यांचा फोन आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक निवाऱ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नोंदवहीची आहे. निवाऱ्यात आत जाताना तलाठी किंवा ग्रामसेवक नाव लिहून घेतात. कुणाचं? कुटुंबप्रमुखाचं. पुढे 'एकूण ६' असा आकडा. त्या सहात बाई कुठे आहे? २०१९ मध्ये एका निवाऱ्यात चाळिशीची एक परित्यक्ता होती. पंधरा वर्षं माहेरी, भावाच्या घराशेजारच्या खोपटात राहून मजुरी करणारी. तिची चूल वेगळी होती. नोंदवहीत मात्र ती भावाच्या 'एकूण ७' मध्ये गेली. धान्याचं पाकीट भावाच्या घरात गेलं. पुढे पंचनामा झाला तेव्हा तिच्या खोपटाचा उल्लेखच नव्हता, कारण निवाऱ्याच्या वहीत ती वेगळी राहते असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. ती मला म्हणाली, 'पाण्यानं खोपाट नेलं ते नेलंच, पण ते माझं होतं हे बी कुणी लिहिलं नाही.'

किमान निकषांत असं आहे की, आपत्तीत विधवा झालेल्या बायकांची आणि अनाथ झालेल्या मुलांची निवाऱ्यात वेगळी नोंदवही ठेवायची, अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या करायच्या, आणि ती वही जिल्हा प्रशासनाकडे कायमची जपायची. विधवेला पंधरा दिवसांत दाखला मिळाला पाहिजे. ही तरतूद चांगली आहे, ती अमलात येते का यावर नजर ठेवू या. पण परित्यक्ता या कागदाच्या नजरेतच नाही. लग्न न झालेली, माहेरी परतलेली, देवदासी म्हणून सोडलेली, नवरा जिवंत असून नसल्यासारखा असलेली, अशी कुणीच नाही. नव्वदच्या दशकात याच भागात परित्यक्तांनी आपल्या नावाच्या रेशनकार्डासाठी मोर्चे काढले. निवाऱ्याच्या वहीत स्वतःची ओळ हवी, ही त्याच मागणीची पुढची पायरी आहे.

म्हणून करायचं काय? ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. १ मेची ग्रामसभा तोंडावर आहे. त्याआधीच्या महिला सभेत आपल्या गावच्या निवाऱ्याचे नियम ठराव म्हणून मांडायचे. माझ्या मते त्यात एवढं तरी असावं :

१. निवाऱ्याच्या जागा, प्रत्येक जागेत किती माणसं मावतात, आणि किल्ली कुणाकडे, हे मे महिन्यातच फलकावर लावावं.

२. निवारा समितीत निम्म्या बायका असाव्यात. दलित वस्तीतली, एकटी राहणारी आणि अपंग बाई त्यात असलीच पाहिजे.

३. प्रत्येक प्रौढ बाईची नोंद वेगळ्या ओळीत, तिच्या स्वतःच्या नावाने. चूल वेगळी असेल तर तसं लिहावं.

४. बायकांच्या संडास-न्हाणीला वेगळी वाट, आतून कडी, रात्रभर उजेड.

५. जनावरांची जागा निवाऱ्याच्या जवळ, आणि ती आधी ठरलेली.

६. गरोदर बायकांची यादी आशाताईंकडून घेऊन, पाणी इशारा पातळीला लागताच त्यांना आधी हलवावं.

७. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मजुरी. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढायला बंदी.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे मला माहीत आहे. पण ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना दिली, पोच घेतली, तर 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायची सोय उरत नाही. जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो, त्यात आपले ठराव जोडा असा आग्रह धरता येतो. पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. वरच्या सात कलमांपैकी किती पैशाची आहेत ते मोजा. वहीत नाव नीट लिहायला काही खर्च येत नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. बायकांना हे जमतं की नाही, हा प्रश्न तेव्हाच मिटला आहे. आता जेवणाच्या सुट्टीनंतर गटांत बसताना प्रत्येक गटाने आपल्या गावच्या शाळेचा नकाशा काढायचा आहे. वर्ग किती, नळ कुठे, संडास किती आणि त्याची वाट कुठून, एवढंच. कागद आणि पेन्सिली मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.