पिशवी



दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२पासून न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. तो हाती पडण्यापूर्वीच, नियमानुसार, आमची चार वर्षांची कन्या येथे कलकत्त्यात आमच्या घरी आली. पहिल्याच रविवारी आम्ही अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाचा बेत आखला. डबे भरू लागलो, तोच ती आपल्या फ्रॉकांची पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली. बाहेर नेणे म्हणजे परत पोचविणे, अशी तिची समजूत! आम्हां जाणत्यांना हे आधी सुचू नये? त्या दिवशी कोपऱ्यावरून संदेश घेऊन परतलो. पुढे कित्येक रविवार तेवढेच. वाघ-सिंह राहिले बाजूला. माघात एकदा तिने पिशवी घरीच ठेवली आणि निघताना दाराचे कुलूप स्वतः ओढून पाहिले.