जळगाव ते गंगापूर धरण: वाइनच्या गावांतून दोन दिवस

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "इन्स्टावर सगळे नाशिकच्या वाइनरीत ग्लास घेऊन उभे दिसतात. आपल्याकडून तिकडे जाता येतं का, आणि जाऊन करायचं काय?" येतं की! फेब्रुवारीत मी आणि माझा शिरपूरकडचा मावसभाऊ जाऊन आलो. दोन दिवस, एक जुनी गाडी. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्यासाठी ही सहल होती, भावासाठी नव्हती. त्याच्या डोक्यात दोन एकरांचा हिशेब चालू होता. केळीच्या भावाला वैतागलेला माणूस. कुणीतरी सांगितलं, वाइनची द्राक्षं लाव, कंपनी करार करते, भाव आधीच ठरतो. जमीन मावशीच्या नावावर, आणि मावशीचं दारूशी जुनं भांडण आहे. त्यांच्या गावात 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान झालं होतं. माहीत नसेल त्यांच्यासाठी: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्या वेळी मावशी दारोदार फिरली होती. त्यामुळे आम्ही "नाशिकला द्राक्षं पाहायला जातोय" एवढंच सांगून निघालो. तसं ते खोटंही नव्हतं.

पहाटे जळगाव सोडलं. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटरवर धुळे. तिथे भाऊ गाडीत बसला आणि मुंबई-आग्रा हायवे लागला. मालेगाव, मग राहूड घाट, चांदवड. सरळ गेलात तर धुळ्याहून नाशिक दीडशेच्या थोडं वर. पण आम्ही चांदवडहून डावीकडे लासलगावला वळलो, कारण आम्हाला गावं बघायची होती. लासलगावात कांद्याचे ट्रॅक्टर, पुढे विंचूर. विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला करात सवलती दिल्या, आणि 'वाइनरी काढा' अशी लाटच आली. त्याआधी काहीच नव्हतं असं नाही हं. नारायणगावला इंडेज होती, आणि राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ सुला सुरू केली होती. स्टॅनफर्डला शिकलेला, अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला माणूस. 'सुला' हे नाव आईच्या 'सुलभा' या नावावरून.

विंचूरहून निफाड. इथे आमची सहल अर्धा दिवस अडकली, आणि बरं झालं अडकली. रस्त्याकडेला चहा घेताना एक बागायतदार काका भेटले. भावाने लगेच विषय काढला. काका हसले, म्हणाले, "चला, बाग दाखवतो."

आपण खातो ती थॉमसन आणि वाइनची द्राक्षं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, म्हणून जीएमध्ये घड बुडवायचे, विरळणी करायची, मजूर लागतात ढीगभर. वाइनचा मणी लहान, साल जाड, आत बिया. त्याला फुगवायचं नसतं, उलट एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे चव दाट येते. छाटणी मात्र दोन्हीकडे दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. युरोपात वेल थंडीत झोपतो, वर्षात एकदा छाटतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून ही दोन छाटण्यांची युक्ती. तोडणी जानेवारी ते मार्च.

भाऊ खुश. कमी मजूर, ठरलेला भाव! मग काकांनी दुसरी बाजू सांगितली. त्यांच्याकडे एके काळी दीड एकर वाइनची बाग होती. २००८ च्या शेवटी जगात मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन टाक्यांत पडून राहिली. ज्या वाइनरीशी त्यांचा करार होता तिने "यंदा माल नको" म्हणून कळवलं. आता सांगा, थॉमसन कुणी नाकारली तर मार्केटला नेता येते, बेदाणा करता येतो. ही बियांची, जाड सालीची द्राक्षं कोण खाणार? त्या काळात नाशिक जिल्ह्यात अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. काकांनीही उपटली.

"करार कागदावर असतो भाऊ, वेल जमिनीत असतो," एवढंच बोलले आणि आम्हाला थॉमसनचा एक घड दिला.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

पिंपळगाव बसवंतवरून दिंडोरीकडे गेलो. दिंडोरीला शाँदाँ आहे, फ्रेंच कंपनी, २०१३ पासून भारतात फेसाळती वाइन काढते. तिथे आधी बुकिंग करूनच जा. मग नाशिकला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाचा परिसर. सुला आणि यॉर्क, दोन्ही तिथेच जवळजवळ. २०२१ मध्ये यॉर्क सुलानेच विकत घेतली.

टेस्टिंग म्हणजे काय, तर पाच-सहा प्रकार, प्रत्येकी घोट-दोन घोट. आधी रंग बघायचा, ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, मग तोंडात घोळवायची. गिळलीच पाहिजे असं नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात काही लाज नाही. भाऊ गाडी चालवणार होता, त्याने एक थेंबही घेतला नाही, नुसता वास घेत बसला. गंमत म्हणजे वास ओळखण्यात तो माझ्यापेक्षा हुशार निघाला! सोविन्यो ब्लाँला नाक लावून म्हणाला, "दादा, ही तर हिरवी मिरची आणि कच्चा पेरू." टेस्टिंग देणारी ताई म्हणाली, बरोबर.

टूरमध्ये कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा साधारण पांढराच असतो. रंग सालीत असतो. रस सालींसकट आंबवला की रेड, साली काढून आंबवला की व्हाइट. म्हणून काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन होते.

खाण्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत: आपली शेवभाजी आणि रेड वाइन एकत्र आणू नका. रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही तिखटाची आग वाढवतात. किंचित गोडसर शेनँ ब्लाँ थंड करून घ्या, ती काळ्या मसाल्याला सांभाळून घेते. भरीत-कळण्याची भाकरी असेल तर मात्र ताकच बरं, उगाच फॅशन नको.

भावाने टूरवाल्याला शेवटी विचारलंच, "आमच्याकडे शिरपूरला होईल का?" त्याने उलट विचारलं, "रात्री थंडी किती पडते?" नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. रात्र गार, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो. आपलं तापीचं खोरं खाली आहे, जळगाव तर दोनशेच्या जवळपास. मार्चमध्येच आपण भाजून निघतो. साखर भरभर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव होते. होणारच नाही असं तो म्हणाला नाही. पण इतक्या लांबून माल न्यायला वाइनरी येईल का, हे आधी लेखी घ्या म्हणाला.

परतल्यावर मावशीला कळलंच. शिरपूरला ओट्यावर बसवून विचारलं, "दारूना कारखाना देखाले गयथा का रे तू?" भावाने सगळं सांगितलं, काकांची उपटलेली बागही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचा फायदा हेच कारण पुढे होतं. मावशीला ते आठवत होतं. तिने दारूवर एक शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच: "त्या वर्षी त्या माणसाला पैसा कोणी दिला?" भावाकडे उत्तर नव्हतं. दोन एकरांत यंदा केळीच आहे. अर्धा एकर त्याने मोकळा ठेवलाय, त्यावरून घरात अजून बोलणी चालू आहेत.

तुम्ही जाणार असाल तर जानेवारी ते मार्च जा, तोडणी बघायला मिळते. शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. २१ च्या खालचे असाल तर टूर करा, टेस्टिंगचा हट्ट नको. आणि न पिणारा ड्रायव्हर आधी ठरवा: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. राहूड घाटात रात्री ट्रक कसे चालतात हे तर तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी वाइनची द्राक्षं लावली असतील, किंवा उपटली असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. अहिराणीत पाठवली तर अजून मजा. भावाला ऐकवायची आहे.