मासा केवढा होता ?



गरी टाकून मासे धरणाऱ्या मनुष्यास जो तो एकच प्रश्न विचारतो : मासा केवढा होता ? आणि त्याचें उत्तर बहुधा शब्दांनीं मिळत नाहीं. दोन्ही हात पसरून मिळतें. ऐकणारा हंसतो, सांगणारा हात आणखी थोडे लांबवितो, आणि गोष्ट तेथेंच संपते. आज मला आपणांस असें सांगावयाचें आहे कीं, ही गोष्ट केवळ हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. मासा केवढा होता हें नीट ठरविण्यांत गरवणाऱ्याची अब्रू तर आहेच. पण एका नदीचा इतिहासहि त्यांत आहे.

नदी आपण संगमेश्वराची घेऊं. शास्त्री आणि सोनवी या नद्या येथें एकमेकींस मिळतात. गांवाच्या वरच्या अंगास पाणी गोड व तळ खडकाळ. खालीं फुणगुसाकडे व पुढें जयगडाकडे जातां जातां नदीची खाडी होते. कोंकणांतील व गोव्यांतील अशा निमखाऱ्या पाण्यांत एक चपटा, वाटोळसर मासा राहतो. अंगावर काळसर उभे पट्टे, आणि खवल्यांवर मोत्यांसारखे पांढरे ठिपके. त्यास कालुंदर म्हणतात. केरळांत हाच करिमीन. २०१० सालीं त्या राज्यानें त्याला आपला राज्यमासा ठरविलें. अख्खा तव्यावर मावणारा मासा म्हणून गृहिणींस तो प्रिय, आणि गरीशीं नेटानें झगडतो म्हणून गरवणाऱ्यांस प्रिय.

आतां मोठा कालुंदर कशास म्हणावें ? सामान्यतः तो वीतभर, म्हणजे आठ इंचांच्या आसपास असतो. शास्त्रीय ग्रंथांत नोंदलेली त्याची कमाल लांबी ४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सोळा इंच आहे. तेव्हां फूटभर लांबीचा कालुंदर ज्यास लाभला, त्यानें शेजाऱ्यांस बोलावून दाखवावा. उलट फूटभर लांबीचा महाशीर म्हणजे निव्वळ पोर होय. म्हणून ‘केवढा ?’ या प्रश्नाआधीं ‘कोणता ?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. जातीच्या मापानेंच जातीचा मोठेपणा मोजावा.

परंतु हें माप डोळ्यानें घेतां येईल काय ? माझें उत्तर नाहीं असें आहे, आणि त्यास कारणें आहेत. पहिलें कारण पाणी. वरून सरळ खालीं पाहिलें असतां चार फूट खोल असलेली वस्तु तीनच फुटांवर आहे असें भासतें. ती जवळ आली म्हणजे अर्थातच मोठी दिसते. दुसरें कारण हात. चपटा मासा ओढला जातांना पाण्यास आपली कूस देतो, आणि त्या आडव्या अंगाचा विरोध दोरींतून आपल्या मनगटापर्यंत पोंचतो. आपण तो ताण वजन म्हणून लक्षांत ठेवतों. तिसरें कारण अलीकडचें, म्हणजे छायाचित्र. मासा हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरला कीं तो धरणाराच्या छातीएवढा दिसूं लागतो. अशा वेळीं माशाचा डोळा पाहावा. शरीर वाढतें त्या मानानें डोळा वाढत नाहीं. म्हणून खऱ्या मोठ्या माशाचा डोळा त्याच्या डोक्याच्या मानानें लहान दिसतो. चित्रांत मासा प्रचंड आणि डोळाहि टपोरा असेल, तर समजावें कीं मोठा हात आहे, मासा नव्हे.

माप घेण्याची रीत मात्र अगदीं साधी आहे. एक सपाट फळी घ्यावी, तिच्या एका टोकास आडवी पट्टी ठोकावी व फळीवर इंचांच्या खुणा कराव्या. फळी व हात ओले करून मासा तिच्यावर आडवा ठेवावा, मिटलेलें तोंड पट्टीस टेकवावें आणि शेपटीचीं टोकें जुळवून आंकडा वाचावा. फीत माशाच्या फुगीर अंगावरून नेऊं नये. तसें केल्यास बांकाची लांबी फुकट पदरांत पडते. फितीचें काम घेराचें. अंग जेथें सर्वांत भरलेलें असेल तेथें ती गुंडाळावी.

घेराची ही उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. अमेरिकेंतील गोड्या पाण्यांत कालुंदरासारखेच चपटे ‘सूर्यमासे’ असतात. तेथील हौशी लोक एक ढोबळ हिशेब करतात : लांबी इंचांत घ्यावी, तिचा घन करावा व त्यास १२०० नें भागावें, आलेला आंकडा हें पौंडांतील वजन. हाच हिशेब सुमारानें आपल्या माशास लावला, तर आठ इंचांचा मासा १९५ ग्रॅमच्या आसपास भरतो, दहा इंचांचा ३८० आणि बारा इंचांचा ६५०. दोनच इंच वाढले आणि वजन जवळजवळ दुप्पट झालें ! कारण मासा केवळ लांब होत नाहीं. तो रुंद होतो आणि जाडहि होतो. म्हणून हात पसरतांना सहज वाढविलेले दोन इंच ही लहानशी थाप नसून एक सबंध दुसरा मासा असतो.

पण लांबीचा हिशेबहि शेवटीं हिशेबच. ९ एप्रिल १९५० रोजीं अलाबामा राज्यांतील केटोना तलावांत ब्लूगिल जातीचा एक सूर्यमासा सांपडला. लांबी पंधरा इंच, घेर सव्वाअठरा इंच. वरील रीतीनें त्याचें वजन पावणेतीन पौंडांहून थोडें अधिक यावयास हवें होतें. प्रत्यक्षांत भरलें ४ पौंड १२ औंस. आजहि त्या जातीचा तोच जागतिक विक्रम मानला जातो. ही सारी किमया घेराची होती, आणि ती काट्याशिवाय कोणास सिद्ध करतां आली नसती.

आतां नदीच्या इतिहासाकडे वळूं. एके काळीं मोठीं गलबतें संगमेश्वराच्या धक्क्यापर्यंत येत. पुढें पात्र गाळानें भरलें आणि ती वाट बंद झाली. १८८० च्या गॅझेटियरांत याची नोंद आहे, कारण गलबतास किती पाणी लागतें हें मोजणारे लोक होते. माशांची अशी नोंद कोणीं ठेवली ? आजोबा सांगत, ‘शेरभराचा कालुंदर मिळे.’ पण कोणता शेर ? ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. ‘दोन वितींचा होता,’ असें सांगावें, तर वीत कोणाची ? त्यामुळें आजोबांची गोष्ट खरी असूनहि निरुपयोगी ठरते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं असें दाखविलें कीं, प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीं जें पाहते तेंच मूळचें मानते, आणि ऱ्हास हळूहळू होत असल्यानें तो कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. नातवास सहा इंचांचा मासा मोठा वाटूं लागतो, आणि नदीनें काय गमावलें हें सांगणारा एकहि साक्षीदार उरत नाहीं.

मोठे मासे नाहींसे होणें ही तर सर्वांत मोठी हानि. कालुंदराचें जोडपें दगडास किंवा बुडालेल्या लांकडास अंडीं चिकटवितें, आणि नर व मादी दोघेंहि त्यांचें व पुढें पिलांचें रक्षण करतात. मादी जितकी मोठी, तितकीं अंडीं अधिक. अशांपैकीं एक उचलला, तर घरटें अर्धें उघडें पडतें.

आपल्यापैकीं पुष्कळ मंडळी सुटींत कोंकणांत जातात. मुलें हौसेनें गरवायला बसतात. वीतभर मासे खुशाल तव्यावर जावोत; त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण एखादा खरोखर मोठा हातीं लागला, तर त्यास ओल्या फळीवर क्षणभर ठेवावें, लांबी, घेर, तारीख आणि ठिकाण वहींत लिहावें, आणि त्याला पुन्हा पाण्यांत सोडावें. मासा परत जाईल. त्याचा मोठेपणा मात्र आपल्यापाशीं राहील, आणि तोहि असा कीं, कोणासहि हात पसरून दाखविण्याची गरज पडणार नाहीं. अशी एक वही पन्नास वर्षें चालली, तर संगमेश्वराच्या नातवंडांस आपली नदी केवढी होती हें कळेल.