जुन्या मोटारीचे पाय



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून संत, साहित्य आणि इतिहास यांविषयी ऐकण्याची सिन्नरकरांना सवय आहे. त्याच जागी मोटारीच्या स्प्रिंगांवर बोलावयास एका लोखंडकाम करणाऱ्या माणसाला उभे करणे, हे कार्यवाहांचे धाडसच म्हटले पाहिजे. ते धाडस अगदीच वाया जाऊ नये एवढीच आमची खटपट राहील.

विषय असा आहे : जुनी, वेगाच्या हौसेने सांभाळलेली मोटार बंदिस्त ट्रॅकवर पळवावयाची झाल्यास तिचे सस्पेन्शन कसे बसवावे. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचे अंग यांच्यामधला सगळा संसार : स्प्रिंगा, पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, दांडे आणि रबरी बुश. इंजिन ही गाडीची छाती म्हटली, तर हे तिचे पाय होत. आपल्याकडे छातीचे कौतुक फार होते. पायांकडे पडल्यावर लक्ष जाते. आमचेही तसेच झाले, आणि ते आधी सांगणे बरे.

आमच्याकडे एक जुनी फियाट होती. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची ही कुटुंबाची गाडी; परंतु मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानाच्या धावपट्टीवर हिनेच कित्येक शर्यती गाजविल्या. परदेशी स्पोर्ट्स मोटार येथे फार थोड्यांना परवडे, म्हणून हौशी मंडळी फियाटलाच तालीम देत. आणि ते वावगेही नव्हते. १९६२ साली आलेल्या ‘एमजीबी’ या इंग्रज स्पोर्ट्स मोटारीची ठेवण पाहा : पुढे दोन दांड्यांच्या मध्ये गुंडाळीची स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि त्याखाली टांग्यासारखे पाटे. फियाटचा सांगाडाही याच जातीचा. म्हणून आज एकीविषयी सांगू ते दुसरीलाही लागू पडेल.

तर आम्हांला वाटले, गाडी बसकी आणि कडक केली की ती वळणावर चिकटून राहील. आम्ही पुढच्या स्प्रिंगांची वेटोळी गॅसकटरने कापली. गाडी दिसावयास फार ऐटदार झाली. पुढच्याच आठवड्यात तिच्यात आईला बसवून आम्ही मोहदरी घाटाने नाशिकला जाऊन आलो. त्यानंतर ती ट्रकवर घालून ट्रॅकवर नेली. तिसऱ्या फेरीत एका उजव्या वळणावर रस्त्याला थोडासा उंचवटा होता. त्यावर गाडीने दणका खाल्ला, आम्ही चाक वळविलेले असूनही ती सरळ निघाली आणि गवतातून चिखलात जाऊन थांबली. कोणाला खरचटलेही नाही, कारण तेथे मोकळी जागा ठेवलेली होती. मात्र रात्री झोप लागेना. घाटात तशी मोकळी जागा कोठे आहे? तेथे एका बाजूस कठडा आणि समोर कांद्याचा ट्रक! आणि शेजारी आई बसली होती.

श्रोतेहो, त्या दिवशी काय चुकले हे समजून घेण्यासाठी आम्ही पुन्हा पहिलीपासून शिकावयास बसलो.

पहिला धडा असा. मोटार जमिनीला कोठे टेकते? चारच ठिकाणी. गाडीचे वजन ९०० किलो धरू. म्हणजे एका चाकावर सरासरी २२५ किलो आले. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो, म्हणजे हवा भरणारा ज्याला २८ म्हणतो तेवढा असला, तर हा भार पेलण्यास साधारण ११२ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीवर टेकते. बोटे सोडून आपला तळहात जेवढा, जवळजवळ तेवढीच ही जागा. गाडी कितीही मोठी असो, तिची सारी पकड या चार तळहातांत असते. सस्पेन्शनचे काम एकच : हे चार तळहात जमिनीवरून उचलू द्यावयाचे नाहीत.

दुसरा धडा वजनाचा. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२० सेंटिमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या सात दशांश धरला, तर सुमारे २६२ किलो भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. हा हिशेब मांडताना एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. यात स्प्रिंग कोठेच आली नाही! स्प्रिंग कडक केली म्हणून सरकणारा भार कमी होत नाही. गाडी कलते कमी, एवढेच. भार कमी करावयाचा तर गुरुत्वमध्य खाली आणावा, चाकांतील अंतर वाढवावे किंवा वेग आवरावा.

मग स्प्रिंग करते काय? ती दोन कामे करते. एक, खाचखळग्यांवर चाकाला जमिनीचा पाठलाग करू देते. दोन, सरकलेल्या भारातील पुढच्या चाकांनी किती घ्यावा आणि मागच्यांनी किती, याची वाटणी ठरविते. टायरचा स्वभाव असा की, भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीवर सरकलेला भार अधिक पडतो, ती जोडी आधी घसरते. पुढची घसरली तर गाडीचे तोंड वळणाबाहेर जाते. मागची घसरली तर शेपूट फिरते. ही वाटणी नीट करणे हाच या साऱ्या कलेचा गाभा आहे.

आता आमची चूक पाहा. स्प्रिंगेची आठ वेटोळी असताना एक कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. पण चाकाला वर येण्यास उरलेली जागा त्याहून कितीतरी अधिक कमी होते. वळणात पुढचे बाहेरचे चाक आधीच दबलेले होते. उंचवटा येताच दांडा रबरी ठोकळ्यावर आपटला. त्या क्षणी स्प्रिंग संपली आणि गाडी जणू दगडावर बसली. पुढच्या टायरवर एकदम भार आला, पकड सुटली आणि तोंड सरळ झाले. शिवाय गॅसच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते ते वेगळेच. आखाड्यातील कोणताही वस्ताद सांगेल की, गुडघे ताठ ठेवणारा पैलवान लवकर चितपट होतो. लोटस कंपनीची ‘इलान’ ही १९६२ सालची मोटार मऊ स्प्रिंगांची होती, आणि तरीही वळणावर तिचा हात धरणारी गाडी विरळा. कारण तिचे शॉक ॲब्सॉर्बर आणि दांड्यांची बैठक बिनचूक होती.

मग गाडी बसवावी कशी? आमच्या अनुभवाने ठरलेला क्रम सांगतो.

प्रथम नवे काही घालू नये. जुने होते तसे करावे. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीतील रबरी बुश वाळलेले असतात, किंगपिन ढिले असतात, पाट्यांचे यू-बोल्ट सैल झालेले असतात, शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल गळालेले असते. गाडीचा एक कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. झोके खात राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर संपला असे समजावे. स्प्रिंग झोका देते, शॉक ॲब्सॉर्बर तो शांत करतो. दोघांचा जोडा जमला पाहिजे. एवढ्यानेच निम्मे काम होते, आणि या कामाला कोणी टाळ्या वाजवीत नाही म्हणून ते राहून जाते.

दुसरे, गाडी तोलावी. सपाट फरशीवर चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवावे आणि चालकाच्या जागी चालकाच्या वजनाची पोती ठेवावी. समजा, पुढे डावीकडे २५० व उजवीकडे २४०, मागे डावीकडे १९० व उजवीकडे २२० किलो आले. आता तिरक्या जोड्या पाहा : एक ४७० ची, दुसरी ४३० ची. म्हणजे गाडी लंगड्या टेबलासारखी उभी आहे. ती डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वळण घेईल. ज्या कोपऱ्याची उंची वाढवाल त्यावर आणि त्याच्या तिरक्या जोडीदारावर भार वाढतो. म्हणून हलक्या जोडीतील एका स्प्रिंगेखाली पातळ चकती घालून दोन्ही बेरजा जवळ आणाव्या.

तिसरे, उंची आणि स्प्रिंग. उंची थोडीच उतरवावी, पुढचे खालचे दांडे साधारण आडवे राहतील इतपत. आणि ठोकळ्यापर्यंत जागा शिल्लक आहे ना, हे मोजून पाहावे. कडक स्प्रिंग हवी तर नवी करून घ्यावी, जुनी कापू नये. तार १२ मिलिमीटरऐवजी १३ ची घेतली तर बाकी सर्व तेच असता कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो, हे ध्यानात ठेवावे. रस्त्यावरची गाडी सेकंदाला एक ते दीड झोका घेते. ट्रॅकवरच्या जुन्या गाडीला दोनच्या आसपास पुरे होतात. झोके दीडपट करावयाचे तर कडकपणा सव्वादोनपट लागतो. म्हणून हात आवरता ठेवावा.

चौथे, चाकांची बैठक. यासाठी परदेशी यंत्र हवेच असे नाही. गवंड्याचा ओळंबा, पाणसळ आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा यांनी उत्तम काम होते. ट्रॅकवर पुढची चाके माथ्याकडे सुमारे एक अंश आत कललेली असावी, म्हणजे वळणात गाडी कलली तरी रबर सपाट टेकते. चार फेऱ्यांनंतर टायरची उष्णता आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजावी. बाहेरची कड फार तापली तर कल कमी पडला. मधला पट्टा तापला तर हवा जास्त झाली. टायर खोटे बोलत नाही.

पाचवे, भाराची वाटणी. तोंड बाहेर जात असेल तर पुढचा आडवा कलरोधक दांडा थोडा मऊ करावा. शेपूट फिरत असेल तर तो कडक करावा. टायरमधील हवेत एकदोन अंकांचा फरक करूनही पुष्कळ साधते.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही; बिघडली तर परत कोठे जावयाचे तेही कळत नाही. आमच्या वहीची पहिली पाने फसलेल्या बदलांनीच भरली आहेत, आणि आज तीच सर्वांत उपयोगी पडतात.

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच आम्ही हे आमंत्रण स्वीकारले. आपल्या गावावरून पुण्याचा महामार्ग जातो. गोंद्याजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. गावात गाड्या आल्या, हातात पैसा आला आणि तरुणांच्या अंगात वेगाची हौस आली. हौस वाईट नाही. आम्हांलाही होती, अजून आहे. पण संध्याकाळी नाक्यावर कापलेल्या स्प्रिंगांच्या गाड्या उभ्या दिसतात तेव्हा आमच्या छातीत धस्स होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि १८९ वे कलम सार्वजनिक जागी परवानगीविना शर्यत लावण्यास शिक्षा सांगते. कायद्याचा धाक असावाच. पण त्यामागचे कारण कळले तर धाकाची गरज कमी पडते. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, चुकणाऱ्यासाठी मोकळी जागा असते, डोक्यावर शिरस्त्राण असते आणि रुग्णवाहिका तयार उभी असते. म्हणूनच १९९० साली चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे कायमचा ट्रॅक झाला आणि पुढे कोइमतूरजवळही झाला. वेग तेथे शिकावा. रस्त्यासाठी गाडी पुन्हा रस्त्याची करावी; उंची, चाकांचा कल, हवा, सारे वहीत पाहून परत जागेवर आणावे.

आमच्या जुन्या फियाटला आम्ही पुढे नव्या स्प्रिंगा घातल्या. ती पूर्वीइतकी ऐटदार दिसत नाही. ट्रॅकवर मात्र ती आता कापलेल्या स्प्रिंगांपेक्षा जलद फेरी मारते, आणि घाटातही शहाण्यासारखी चालते. तिच्यात आईला बसवून आम्ही पुन्हा मोहदरी उतरलो, तेव्हा आईने एवढेच विचारले, “गाडी नवी घेतलीस का रे?” आमच्या खटपटीला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळालेले नाही.

 ज्यांना आपल्या गाडीचे चार पाय तपासून घ्यावयाचे असतील त्यांनी रविवारी सकाळी शेडवर यावे. ओळंबा आणि दोरा आमच्याकडे आहे. वही मात्र आपली आपण आणावी.